तुम्ही फक्त प्लेट्स आणा

कचऱ्याच्या डब्याचं झाकण उचललं, तर आत माझ्या सांबारवड्या.

ट्रे जसाच्या तसा. वरची फॉईल मी सकाळी कडेने दाबून जशी बसवली होती, तशीच. एक कोपरासुद्धा उचललेला नाही. वरून कुणीतरी चहाचा चोथा ओतलेला. तो फॉईलवरून ओघळत खाली गेला होता. चोथ्यावर केळ्याची सालं.

मी क्युपर्टिनोतल्या एका मोठ्या घराच्या गराजमध्ये उभी होते. हातात काळी पिशवी. पिशवीत जेवून टाकलेल्या कागदी प्लेट्स. त्याही मीच आणलेल्या. आत आमच्या मराठी मंडळींचं दिवाळीचं जेवण नुकतंच आटोपलं होतं. बडीशेपेची वाटी फिरत होती.

थोड्याच वेळापूर्वी ह्या घरच्या बाई, मालतीकाकू, सगळ्या बायकांसमोर माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या होत्या, "अगं, तुझ्या वड्या पुरुषांनीच फस्त केल्या! आपल्याला चाखायला एक ठेवली नाही मेल्यांनी."

सगळ्या हसल्या. मीही हसले. नुसती हसले नाही, खुलले. नवऱ्याला हाक मारून विचारलं, "अहो, कशा झाल्या होत्या?" तो हातातल्या पेल्यात बघत म्हणाला, "छान. छान झाल्या होत्या." आणि मी खूश. येडी.

काकू खोटं बोलल्या, त्याचा राग येतोच. पण त्या वेळी माझ्या तोंडावर जे हसू आलं होतं, त्याची मला आजही किळस येते.

सगळं सांगते.

ऐंशी साल उलटल्यावर लगेचच आम्ही अमेरिकेत, सनीव्हेलला आलो. नवरा नागपूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेला, एका कंपनीत चिप डिझाईन करायचा. मी बी.एस्सी. मला चिप बनवण्याच्या कारखान्यात लाईनवर काम मिळालं. छोटंसं अपार्टमेंट, एक मुलगी. जर्दाळूच्या बागा तोडून तिथे कंपन्यांच्या बसक्या, काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या. आमच्या मागच्या रस्त्याला एक बाग शिल्लक होती, तीही पुढे गेली.

मराठी घरं थोडकी. मराठी कानावर पडायचं ते मालतीकाकूंकडे. त्यांचे यजमान डॉक्टर, आमच्या कितीतरी आधी आलेले. सगळे त्यांना डॉक्टरकाका म्हणायचे. नवं कुटुंब आलं की काकू फोन करायच्या, जेवायला बोलवायच्या, तूरडाळ कुठल्या दुकानात मिळते ते सांगायच्या. रविवारी मुलांना जमवून मराठी शिकवायच्या. हे सगळं त्यांनी आमच्यासाठीही केलं. ते मी नाकारणार नाही. माझी मुलगी घरी आमच्याशी इंग्रजीत बोलायची. तिच्या तोंडून मराठी कविता पहिल्यांदा ऐकली ती काकूंच्या दिवाणखान्यात. मला रडू आलं होतं. त्या घरात माझा जीव अडकला होता तो ह्याच्यामुळे.

त्यांच्याकडे महिन्यातून एकदा जमायचं आणि प्रत्येकीने एक पदार्थ आणायचा, अशी पद्धत. पॉटलक. कुणी काय आणायचं ते काकू फोनवर सांगायच्या. पहिल्यांदा मला म्हणाल्या, "तू काकडीची कोशिंबीर आण." मी दाण्याचं कूट सढळ हाताने घालून केली. लोकांनी वाडगा चाटूनपुसून साफ केला. मग बटाट्याची भाजी. मग एकदा साखरभात.

मग काकू आणि डॉक्टरकाका आमच्या घरी आले.

संक्रांतीचे दिवस होते. काकूंनी तिळगुळाचा डबा आणला होता. चपला काढल्या, घरभर नजर फिरवली आणि म्हणाल्या, "देव कुठे ठेवलेत गं? आधी देवापुढे ठेवते."

नवरा पटकन म्हणाला, "अजून आणायचेत, काकू. इंडियाहून."

आणि त्याच वेळी मी म्हणाले, "आमच्याकडे देव नसतात."

दोघांची वाक्यं एकावर एक पडली. मी काही बंड वगैरे करत नव्हते. नागपूरला आमच्या वस्तीत कुणाच्याच घरी देव नव्हते. माझ्या आजोबांनी घरातले देव गाठोड्यात बांधून नदीत सोडले आणि बुद्धाला शरण गेले, ही गोष्ट मी लहानपणापासून सणासुदीच्या गोष्टीसारखी ऐकलेली. त्यात लपवायचं काय, हे मला कळलंच नाही.

काकूंना मात्र सगळं कळलं. नागपूर, आमचं आडनाव, घरात देव नाहीत. हिशोब लागला. लागताना मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसला. "हो का," त्या म्हणाल्या. "बरं, बरं."

मी चहा आणला होता. डॉक्टरकाकांनी कप उचललाही होता. "अगं, आत्ताच घेऊन निघालो," काकू म्हणाल्या आणि त्यांनी काकांकडे पाहिलं. काकांनी कप खाली ठेवला. एवढा मोठा डॉक्टर. रोज माणसांची पोटं फाडून आत हात घालणारा. माझ्या चहाच्या कपाला घाबरला.

ते गेल्यावर नवरा ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "काय गरज होती?" पुढच्या आठवड्यात तो पितळेचा गणपती घेऊन आला आणि फ्रिजवर ठेवला. मी विचारलं, "हा कुणासाठी?" म्हणाला, "लोकांसाठी."

पुढच्या पॉटलकच्या आधी काकूंचा फोन आला. "अगं, तुझी नोकरी असते, शिफ्ट असते. कशाला दमतेस? तुम्ही फक्त प्लेट्स आणा. आणि बर्फ."

मला बरं वाटलं! काकूंना आपली केवढी काळजी, असं मी नवऱ्याला म्हणाले. त्याने पेपर उघडला. पुढच्या वेळी प्लेट्स आणि कोकच्या बाटल्या. त्याच्या पुढच्या वेळी प्लेट्स आणि नॅपकिन. कारखान्यात बनलेलं, प्लॅस्टिकमध्ये सीलबंद असलेलं माझ्याकडून चालत होतं. नोकरी तर आमच्यातल्याच सुनंदालाही होती, तिला गुळपोळ्या सांगायच्या. हे माझ्या लक्षात यायचं आणि मी ते झटकून टाकायची. काकू मला मिठी मारायच्या, माझ्या मुलीची वेणी घालायच्या. अंगाला हात लावायला त्यांना काही वाटत नव्हतं. माझ्या हातचं मात्र त्यांच्या घशाखाली उतरत नव्हतं. अशी सोयीस्कर शिवाशीव मी पूर्वी पाहिली नव्हती, म्हणून ओळखायला वेळ लागला.

माझ्या कामाबद्दलही सांगायला हवं. चिप बनते त्या खोलीत धुळीचा कण चालत नाही. आम्ही डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या पोशाखात. तोंडाला मास्क, हातात ग्लोव्हज. फक्त डोळे दिसायचे. कारण माणसाच्या अंगाचा कोंडा, केस, श्वास, सगळ्यानेच सिलिकॉनची चकती खराब होते. पहिल्याच दिवशी शिकवणाऱ्या बाईने सांगितलं, इथली सगळ्यात मोठी घाण म्हणजे माणूस. मला हसू फुटलं. कंपनीचा साहेब आत आला तरी त्यालाही तोच पोशाख चढवावा लागायचा. त्याचंही अंग तेवढंच घाण. असलं सोवळं मी जन्मात पहिल्यांदाच पाहिलं.

तिथे सुख होतं असं नाही. लाईनवर सगळ्या बायका. मेक्सिकन, फिलिपिनो, व्हिएतनामी. वरच्या जागांवर गोरे पुरुष. केमिकलच्या वासाने डोकं धरायचं. कुणी तक्रार केली की सुपरवायझर म्हणायचा, "गर्ल्स, गो गेट सम एअर." नाव कुणाचंच नाही. आजी झालेली बाईसुद्धा गर्ल. आम्ही त्याला ब्रेकरूममध्ये मनसोक्त शिव्या घालायचो. आपापल्या भाषेत. आणि डबे एकमेकींकडे सरकवायचो.

माझ्या शेजारच्या मशीनवर कॉन्सुएलो होती. ती माझ्या डब्यातल्या सांबारवड्या पळवायची. आम्ही नागपूरकडचे लोक कोथिंबिरीला सांबार म्हणतो. भरपूर कोथिंबीर, खोबरं, खसखस, झणझणीत तिखट, हे सारण बेसनाच्या पारीत गुंडाळून तळायचं. कोथिंबीर मेक्सिकन दुकानात ढिगाने मिळायची. ते दुकानही कॉन्सुएलोनेच दाखवलं. एकदा बोटं चाटत म्हणाली, "टेक दिस टू युअर पीपल. दे विल क्राय."

युअर पीपल. माझी माणसं.

म्हणून त्या दिवाळीला मी प्लेट्सबरोबर वड्याही केल्या. कुणी सांगितलं नव्हतं. सकाळपासून कढईपुढे उभी होते. मला काय हवं होतं? माझ्या माणसांनी माझ्या हातचं खावं आणि म्हणावं, अजून एक दे. बस. नवरा म्हणाला, "कशाला त्रास घेतेस? नको नेऊस." निघताना परत म्हणाला. मला वाटलं, माझ्या पाठदुखीमुळे म्हणतोय.

काकूंनी दारातच ट्रे माझ्या हातातून घेतला. "अय्या, कशाला केलंस! आण, गरम करून पुरुषांच्या पानात वाढते." आमच्यात तिथेही पुरुष आधी जेवायचे, बायका मागून. अमेरिकेत येऊन घरात डिशवॉशर आला, पण पंगत काही बदलली नाही. त्यामुळे पुरुषांनी काय खाल्लं आणि काय नाही, हे बायकांना कळायला मार्ग नव्हता. काकूंनी त्याचाच फायदा घेतला.

आणि आता मी गराजमध्ये, त्या डब्यापुढे.

पहिल्यांदा काय वाटलं सांगू? झाकण लावावं. खरंच तसं वाटलं. झाकण लावावं, आत जावं, काकूंबरोबर पातेली विसळावीत, मुलीला घेऊन घरी जावं. पुढच्या महिन्यात पुन्हा प्लेट्स आणाव्यात. मी वळलेही होते. तेवढ्यात किळस आली. कचऱ्याच्या वासाने नाही. त्या माणसांमुळे. उघडून बघावं, वास घ्यावा, नावं ठेवावीत, एवढंही त्यांनी केलं नव्हतं. कुत्र्याला घालतानासुद्धा माणूस फॉईल काढतो.

आणि मला दिसलं, की माझी मुलगी मोठी होईल आणि काकू तिलाही फोनवर लाडाने सांगतील, तू फक्त प्लेट्स आण हं.

मी साडीचा पदर खोचला. ट्रे बाहेर काढला.

दिवाणखान्यात पुरुष मंडळी सोफ्यावर रेलली होती. डॉक्टरकाका बोलत होते. त्यांच्या हॉस्पिटलात कुणा ज्युनिअर गोऱ्याला हेड केलं होतं आणि काकांना डावललं होतं. "इतकी वर्षं मर मर काम केलं," ते म्हणत होते, "पण शेवटी हे लोक चामडी बघतात. प्लेन डिस्क्रिमिनेशन आहे हे. दुसरं काही नाही." सगळे माना डोलवत होते. माझा नवरासुद्धा.

मी ट्रे त्यांच्यापुढच्या काचेच्या टेबलावर ठेवला. चोथ्याचं पाणी काचेवर पसरलं.

"काका," मी म्हणाले, "तुम्ही सगळ्यांनी फस्त केलेल्या वड्या ह्या."

कुणाला काही कळेना. काकू स्वयंपाकघरातून आल्या आणि टेबल बघून जागच्या जागी थांबल्या.

"अगं, हे काय! त्या जरा... तेलकट वाटल्या मला. मुलांची पोटं बिघडतील म्हणून..."

"फॉईल न काढता तेलकट वाटल्या?"

काकूंनी काकांकडे पाहिलं.

डॉक्टरकाका उठले. पेशंटशी बोलतात त्या आवाजात म्हणाले, "हे बघ, दिवाळीचा दिवस आहे. एवढ्याशा गोष्टीवरून सीन कशाला? आमची आई आलीय इंडियाहून, वर झोपलीय. जुन्या वळणाची आहे. तिचं सोवळं असतं. आपल्याला सांभाळून घ्यावं लागतं."

"आजी आल्या ह्या उन्हाळ्यात," मी म्हणाले. "मी प्लेट्स आणतेय त्याच्या कितीतरी आधीपासून. संक्रांतीला तुम्ही आमच्या घरात देव शोधलेत तेव्हापासून."

नवरा माझ्याजवळ आला. "चल," म्हणाला. "घरी जाऊ."

"थांबा." मी काकूंकडे वळले. "काकू, आम्ही बौद्ध आहोत. त्याआधी महार. तुम्हाला हेच हवं होतं ना? तोंडाने विचारायचं होतं. मी सांगितलं असतं."

तो शब्द त्या दिवाणखान्यात ह्याआधी मोठ्याने कुणी उच्चारला नसेल. दारात उभ्या बायकांपैकी एकीने तोंडावर हात ठेवला. मी जशी काही शिवी दिली. जात पाळताना ह्यांना लाज नव्हती. मी ती बोलून दाखवली, त्याची लाज.

कोपऱ्यातून एक दाढीवाला तरुण उठला. इथे पीएच.डी. करायला आलेला. "वहिनी," तो म्हणाला, "मी खातो. मी नाही मानत हे सगळं." आणि त्याने खरंच फॉईलला हात घातला.

"नको," मी म्हणाले. "कचऱ्यातून काढल्यात. खायला नाही आणल्या, दाखवायला आणल्यात."

त्याचं तोंड उतरलं. उतरू दे. बोलायचं होतं तेव्हा तो काकांच्या बोलण्यावर मान हलवत बसला होता. आता माझ्या वड्या कचऱ्यातून खाऊन त्याला मोठं व्हायचं होतं. त्याच्या मोठेपणाची मला काकूंच्या खोटेपणाइतकीच शिसारी आली.

मुलीचा हात धरला आणि बाहेर पडले. ट्रे तिथेच ठेवला.

गाडीत मुलीने मागून विचारलं, "मॉम, आर यू मॅड ॲट मालती आँटी?"

"हो."

"व्हाय?"

"तिने आपलं खाणं टाकून दिलं. आपल्या हातचं आहे म्हणून."

नवऱ्याने रेडिओ लावला. मी बंद केला.

मुलगी विचार करत होती. शाळेत नुकतंच तिला अमेरिकेच्या दक्षिणेतल्या काळ्या लोकांबद्दल शिकवलं होतं. "लाइक द वॉटर फाउंटन्स?" तिने विचारलं. "वन फॉर व्हाइट्स, वन फॉर ब्लॅक्स?"

"हो. तसंच. फक्त हे गोऱ्यांनी नाही केलं. हे आपल्या मराठी माणसांनी केलं."

"बट दॅट्स डिस्गस्टिंग," ती म्हणाली. कुठल्याही काकूंच्या क्लासात न शिकता तिला ते कळलं.

अपार्टमेंटखाली गाडी लावून नवरा स्टीअरिंगवर हात ठेवून बसून राहिला. मुलगी पुढे पळाली. तो म्हणाला, "मला माहीत होतं."

"कधीपासून?"

"पहिल्यांदा प्लेट्स सांगितल्या तेव्हापासून."

"मग खाल्ल्या म्हणून का सांगितलंत?"

"तुझा चेहरा इतका खुलला होता." तो माझ्याकडे बघत नव्हता. "होस्टेलला मी हेच केलं. मेसमध्ये मी बसलो की समोरचा उठायचा. कळलं नाही असं दाखवायचं. दाखवत दाखवत शिकलो, इथवर आलो. तसंच निभावलं असतं इथेही. आता आपल्याला कोण आहे इथे?"

"आत्तापर्यंत तरी कोण होतं?"

त्याने गाडीची किल्ली काढली. मला त्याच्याबद्दल वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं. ज्याने माझ्यासमोर उभं राहून न खाल्लेल्या वड्यांची चव सांगितली, त्याच्याबद्दल मला त्या दिवशी फक्त चीड आली. नंतर पुष्कळ दिवस आम्ही कामापुरतंच बोलायचो.

काकूंचा फोन पुन्हा आला नाही. सुनंदाचाही नाही. दुकानात एकदा दोघी समोरून आल्या आणि मसाल्यांच्या रांगेत वळल्या. मुलीचं मराठी जिथे होतं तिथेच थांबलं. मी घरी शिकवायचा प्रयत्न केला, पण शिफ्ट करून आल्यावर जमलं नाही. ते माझं गेलं. गेलं नाही असं खोटं कशाला बोलू?

पुढे आमच्या कारखान्यात एक नवा इंजिनिअर आला. पुण्याचा. दुपारी ब्रेकरूममध्ये मी कॉन्सुएलोशी बोलत होते. माझ्या इंग्रजीवरून त्याने ओळखलं आणि कॉफी घेऊन आमच्या टेबलाशी येऊन बसला.

"मराठी का तुम्ही? अरे वा! कुठल्या?"

"नागपूर."

"नागपूरला कुठे?"

हा दुसरा प्रश्न माझ्या चांगल्या ओळखीचा. ह्या लोकांचं गावावर भागत नाही, वस्ती लागते. वस्तीने कळलं नाही तर माहेरचं आडनाव. हसत हसत, आपुलकीने, उकरत उकरत आत जायचं. अशा वेळी माझा नवरा सिव्हिल लाइन्स, म्हणजे साहेबलोकांची वस्ती, सांगायचा.

मी माझ्या वस्तीचं खरं नाव सांगितलं. मग म्हटलं, "पुढचंही सांगते, म्हणजे तुम्हाला विचारायचा त्रास नको. आम्ही बौद्ध. तुम्ही कोण?"

तो गडबडला. "नाही, नाही, मी तसं काही मानत नाही हो."

"मग नागपूरला कुठे, हे कशाला हवं होतं?"

त्याला एकदम मीटिंग आठवली. अर्धी कॉफी तशीच घेऊन उठला. कॉन्सुएलोने भुवया उडवून माझ्याकडे पाहिलं. मी तिला इंग्रजीत सगळं सांगितलं, जातीसकट. काही गाळलं नाही.

तेव्हापासून माझं हेच चालू आहे. कुणी कुठल्या म्हणून विचारलं की मी शेवटपर्यंत सांगते. आणि मग त्यालाही विचारते, तुम्ही कोण? उत्तर येईपर्यंत नजर काढत नाही. ज्याला अवघडल्यासारखं होईल, त्याने उठावं. मी उठणार नाही.